वायर पुसून टाकायची का? आजच्या निसर्गचित्राबद्दल

तुझा प्रश्न थोडक्यात असा की सहा वर्षं जलरंगात ऑन द स्पॉट लँडस्केप करतेयस, वाई-मेणवलीचे घाट, जुने वाडे, सुट्टीत गेलं की कोकणातल्या होड्या, हात चांगला बसलाय, चित्रं विकलीही जातात, पण एका ग्रुप शोसाठी काम पाठवलं तेव्हा निवडणाऱ्यांनी सांगितलं की काम छान आहे पण कंटेम्पररी नाही. आणि आता तुला कळत नाहीये की कंटेम्पररी म्हणजे नेमकं काय, अ‍ॅब्स्ट्रॅक्टकडे वळायचं का, जलरंग सोडून कॅनव्हास धरायचा का, आणि फोटोवरनं काम केलं तर चालतं का. मी कोल्हापूरचा, पस्तीस वर्षं निसर्गचित्रणच करतोय आणि त्यातली वीसेक वर्षं मुलांना शिकवतोय, वयाने मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. उत्तर लांबेल, कारण याच प्रश्नात मी स्वतः बरीच वर्षं घालवली आहेत.

आधी एक काम कर. तुझी शेवटची दहा चित्रं जमिनीवर मांड आणि प्रत्येक चित्र करताना समोर काय काय होतं जे तू घेतलंच नाहीस, ते आठवून एका कागदावर लिहून काढ. लाइटीचा खांब, वायरी, प्लास्टिकची काळी टाकी, पत्र्याची शेड, लावून ठेवलेली चारचाकी, फ्लेक्स, पाण्यावरचा फेस, जेसीबीने कापलेली टेकडी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडनं मी हे करून घेतो आणि बहुतेकांची ती यादी चित्रांपेक्षा जास्त बोलते.

मला हे फार उशिरा कळलं. एकदा घर बदलताना जुने पोर्टफोलिओ उघडले तर मेणवलीच्या घाटाची दोन चित्रं हातात आली, एक १९९४ चं आणि एक २००८ चं, आणि मागे तारीख लिहिली नसती तर कुठलं कधीचं हे मलाच ओळखता आलं नसतं. चौदा वर्षांत त्या काठावर किती काय झालं होतं, आणि मी दोन्ही वेळेला तोच घाट, तीच मंदिरं, तीच साडी नेसलेली बाई काढून आलो होतो. हात सुधारला होता, बाकी काहीच नाही. त्या दिवसापासून मी वायरी पुसणं बंद केलं. तुला निवडणाऱ्यांनी जे सांगितलं ते माझ्या मते एवढंच आहे, की तुझ्या चित्राला साल नाही, म्हणजे ते कुठल्या वर्षाचं हे कळत नाही. त्यावरचा उपाय तुझ्या नजरेत शोधायला लागेल, माध्यम बदलून तो सापडणार नाही.

ही पुसायची सवय आली कुठनं हे बघितलं पाहिजे, कारण ती आपल्या अंगात इतकी मुरलीय की आपल्याला तो निसर्गच वाटतो. अठराव्या शतकाच्या शेवटी थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे हिंदुस्थानभर फिरले आणि त्यांनी इथल्या देवळांची, घाटांची, किल्ल्यांची चित्रं करून इंग्लंडमध्ये छापली. त्या काळात तिकडे ‘पिक्चरेस्क’ची मोठी क्रेझ होती, म्हणजे देखावा कसा असावा याचा एक ठरलेला साचा, एका बाजूला अंधारं झाड चौकटीसारखं, मध्ये पाणी नाहीतर वाट, पलीकडे पडकं देऊळ किंवा बुरूज, मागे फिकट डोंगर, आणि प्रमाण कळावं म्हणून दोन-तीन छोटी माणसं. पुढे आर्ट स्कुलं आली, मुंबईचं जे.जे. १८५७ चं, आणि तिथल्या ब्रिटिश वळणाच्या शिक्षणातनं हा साचा आपल्या हातात उतरला. तिथनं ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांपर्यंत आणि आता यूट्यूबवरच्या डेमोपर्यंत. तुझ्या दहा चित्रांत डावीकडे झाड किती वेळा आहे ते मोज. माझ्या जुन्या चित्रांत मी मोजलं होतं आणि मला रात्री झोप लागली नव्हती.

आपला शब्दही यात थोडा आड येतो असं मला वाटतं. इंग्रजी लँडस्केप हा मूळचा डच शब्द, त्याचा अर्थ जमिनीचा एक तुकडा, मुलूख. त्यात शेत येतं, गाव येतं, बांध येतो, गिरणी येते. आपण म्हणतो निसर्गचित्र. एकदा निसर्ग म्हटलं की डोकं आपोआप माणसाने केलेलं सगळं बाजूला सारायला लागतं. भूदृश्य हा शब्द रुक्ष आहे, तोंडात बसत नाही, पण काम करताना मी मनात तोच धरतो.

आणि गंमत बघ, ज्यांना आपण परंपरा म्हणतो ती माणसं त्यांच्या काळात पूर्ण आजचीच होती. आमचे कोल्हापूरचे आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार, १९३१ साली गेले. त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हा रोजचा चालण्यातला परिसर रंगवला, लांबचं प्रेक्षणीय स्थळ शोधायला गेले नाहीत, आणि त्या रंगांच्या ठिपक्यांत इथला उजेड असा पकडला की आजही संध्याकाळी कोटितीर्थावर उभं राहिलं की त्यांची आठवण येते. चित्रकार सय्यद हैदर रझांची पहिली ओळख आपल्याला त्यांच्या चित्रांतल्या बिंदूची असते, पण १९५० ला पॅरिसला जाण्याआधी ते मुंबईत जलरंग आणि गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, शहराचे रस्ते रंगवत होते, पावसाने भिजलेले, गर्दीचे, तेव्हाचे. त्यांनी ट्राम पुसली असती तर आज त्या चित्रांना ती किंमत राहिली असती का.

सतराव्या शतकातल्या डच चित्रांतली पवनचक्की आज आपल्याला केवढी रोमँटिक वाटते. रुइसडाल नावाच्या चित्रकाराने १६७० च्या सुमारास एका नदीकाठी उभी असलेली ती प्रचंड चक्की रंगवली, वर ढगांनी भरलेलं आकाश आहे आणि अख्खं चित्र त्या चक्कीभोवती फिरतं. पण त्याच्या काळात चक्की म्हणजे यंत्र होतं, कारखाना होता. तुझ्या साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि मी आजवर साताऱ्याच्या मुलांची जी चित्रं बघितली त्यांत कासची फुलं ढिगाने आहेत, पवनचक्की एकात होती.

आता आजची माणसं काय करतायत ते सांगतो. सगळं नाही सांगत, मला ज्यांच्याकडनं खरंच काही मिळालं तेवढंच.

सुधीर पटवर्धनांचं काम प्रत्यक्ष बघ, पुस्तकातल्या छोट्या फोटोवर समाधान मानू नकोस. जन्म पुण्याचा, पेशाने रेडिओलॉजिस्ट, आणि आयुष्य काढलं ठाण्यात. ‘पोखरण’ १९९१ चं, ‘उल्हासनगर’ आणि ‘लोअर परळ’ २००१ ची. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, २०१९ ला त्यांच्या आजवरच्या कामाचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह प्रदर्शन झालं तेव्हा मी दोन दिवस तिथे होतो. त्यांच्या चित्रात डोंगर आहे, पण त्याच्या अंगावर चढत गेलेली वस्तीही आहे, रूळ आहेत, पूल आहे, कारखाना आहे, आणि हे सगळं एका ठिकाणी उभं राहून दिसूच शकत नाही. तो माणूस त्या भागात वर्षानुवर्षं चालला आहे आणि चालताना जे जे दिसतं ते त्याने एका कॅनव्हासवर वळवून, दुमडून बसवलंय. एका कोपऱ्यात तू वरनं बघतेस, दुसऱ्या कोपऱ्यात रस्त्याच्या पातळीवर असतेस, आणि तरी कुठे शिवण दिसत नाही. शिकवताना मी मुलांना हेच सांगतो की त्यांची कॉम्पोझिशन ट्रेस करून बघा, क्षितिजरेषा किती आहेत त्या शोधा. एकाच व्हॅनिशिंग पॉइंटला, म्हणजे सगळ्या रेषा लांबवर जिथे मिळतात त्या बिंदूला, आपण जे बांधून घेतलंय त्यातनं बाहेर पडायचा हा एक खात्रीचा रस्ता आहे.

दुसरे प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळशाच्या खाणीत पिढ्यानपिढ्या काम करणाऱ्या घरातले. ते कोळशाने, म्हणजे चारकोलने, थेट भिंतीवर खाणीचा मुलूख काढतात. पोखरलेली जमीन, ढिगारे, यंत्र आणि जनावर आणि माणूस एकमेकांत मिसळलेले आकार. ज्या वस्तूसाठी जमीन खणली गेली तिच्याच काळ्याने ती जमीन काढायची, यात माध्यम आणि विषय वेगळे राहतच नाहीत. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या रंगपेटीकडे बघायची नजर बदलली. त्यांचं काम व्हेनिसच्या २०२२ च्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, होतं, वेल्सच्या आर्तेस मुंडी पुरस्काराच्या २०२१ च्या मानकऱ्यांत ते एक होते. यात लक्षात घेण्यासारखं हे की त्यांनी जगाला दाखवायला जगाचा विषय नाही घेतला, सास्तीच घेतलं.

बाहेरच्यांपैकी मला सगळ्यात उपयोगी पडले ते इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड हॉकनी. स्विमिंग पूल आणि सूर्यप्रकाश अशी त्यांची कॅलिफोर्नियाची चित्रं सगळ्यांना माहीत असतात, पण उतारवयात ते इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, लहानपणापासनं ओळखीच्या मुलखात परत आले आणि तिथले रस्ते, झाडं, कुंपणं परत परत रंगवत राहिले. २००७ मध्ये त्यांनी वॉर्टर गावाजवळच्या झाडांचं एक चित्र केलं, ५० कॅनव्हास जोडून, साधारण १२ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच. नंतर २०११ ला वोल्डगेट नावाच्या एकाच रस्त्यावर वसंत कसा येतो ते आयपॅडवर काढलं, ५१ चित्रं, आणि सोबत ३२ कॅनव्हासचं एक मोठं पेंटिंग. लोक आयपॅडवर अडकतात, आयपॅड महत्त्वाचा नाही गं, महत्त्वाचं हे की माणूस एका साध्या रस्त्यावर जानेवारीपासनं परत परत गेला, आणि त्या रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आपल्याकडे गावाबाहेर पडणारा कुठलाही रस्ता तेवढाच आहे.

आणि परस्पेक्टिव्हचं म्हणशील तर त्यासाठी यॉर्कशायरलाही जायला नको. डहाणूच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, २०१८ ला गेले, त्यांचं माशाच्या जाळ्याचं चित्र बघ, जाळं अख्खा पृष्ठभाग व्यापतं, माणसं बाजूने दिसतात, पाणी वरनं दिसतं, शेत नकाशासारखं पसरलेलं असतं. वारली चित्र आपण सजावट म्हणून कपबशीवर छापून टाकलं, पण जमिनीबद्दल इतकं स्पष्ट बोलणारी दृश्यभाषा आपल्या राज्यात दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. नक्कल करू नकोस. पण तांदळाच्या पिठाने गेरूवर काढलेल्या त्या पांढऱ्या रेषेत क्षितिज लागतच नाही, हे नीट बघ.

अर्बन स्केचर्सवाल्यांचंही चांगलं आहे, २००७ ला सिअ‍ॅटलमधनं सुरू झालं आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत त्यांचे ग्रुप आहेत. जे समोर आहे ते जागेवर बसून काढायचं हा त्यांचा नियम वायर पुसणाऱ्याला फार उपयोगी, महिन्यातनं एकदा जा.

आता अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं. निवडणाऱ्यांनी नाकारलं म्हणून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. मी असं केलेली हुशार मुलं बघितली आहेत, दोन वर्षं रोलर आणि नाइफ फिरवून झाल्यावर त्यांना ना ते जमलं ना मागचं राहिलं. जे निसर्गचित्रातनं अमूर्ताकडे गेले ते कशातनं गेले हे बघ. राम कुमार १९६० ला हुसेनांबरोबर बनारसला गेले, तोवर ते माणसं रंगवत होते, बनारसनंतर माणसं हळूहळू गेली, घाटावरची घरं राहिली, मग घरांचे नुसते तुकडे, मग फक्त उतार आणि रंग. पण हे एका महिन्यात नाही झालं, पुढची कित्येक वर्षं गेली. अकबर पदमसींनी १९७० च्या सुमारास ‘मेटास्केप’ सुरू केली, त्यात सूर्य आणि चंद्र एकदम असतात, आणि त्याचं मूळ त्यांनी शाकुंतलाच्या नांदीत शोधलं होतं, जिथे सूर्य-चंद्राला काळाचे दोन विधाते म्हटलंय. ठिकाण कुठलंही नाही, पण माती आणि पाणी आणि उजेड खरे आहेत. गायतोंडे तर आपल्या कामाला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणूच देत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्या वस्तूचं नसलेलं, म्हणायचे, तरी त्यांच्या काही कॅनव्हाससमोर उभं राहिलं की समुद्राकडे बघत बसलेल्या माणसाची शांतता जाणवते, मला तरी जाणवते. या तिघांनीही समोरचं काहीतरी इतका वेळ बघितलं की त्यातलं अनावश्यक आपोआप गळलं. तुझंही कधी गळलं तर गळू दे, तोवर ओढून काढू नकोस.

मग करायचं काय, तर माझा सल्ला असा की घरातनं चालत किंवा गाडीने वीस मिनिटांत पोचता येईल अशी एकच जागा धर आणि एक वर्ष तीच कर. प्रेक्षणीय नको. हायवेचा फ्लायओव्हर, खंबाटकीकडचा कापलेला डोंगर, चाळकेवाडीच्या चक्क्या, नाहीतर तुमच्याच गल्लीच्या टोकाची टेकडी जिच्यावर प्लॉटिंग पडलंय. महिन्यातनं निदान चार वेळा जा. त्यातल्या दोन वेळा पूर्ण चित्र, एकदा फक्त वीस मिनिटांचा टोनचा, म्हणजे उजळ-गडदपणाचा, अभ्यास, आणि एकदा नुसतं जाऊन बघायचं, काही न काढता घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी आठवणीतनं काढायचं. हे आठवणीचं चित्र सोडू नकोस, त्यात जे येतं ते तुझं असतं आणि जे विसरलं जातं ते बहुतेक साच्याचं असतं. आणि तिथल्या माणसांशी बोल. माझ्या एका जागेवर, एका ओढ्याकाठी, तीन महिने मी दगड रंगवत होतो, मग तिथल्या एका आजींनी सांगितलं की हा दगड पूर्वी पाण्याखाली असायचा, ओढा इकडनं जायचा. त्यानंतर मी तोच दगड काढला आणि चित्र पूर्ण वेगळं झालं, पाण्याची जुनी रेघ मला दिसायला लागली.

उजेडाबद्दल थोडं, कारण आपली मुलं इथेच सगळ्यात जास्त पुस्तकी होतात. शिकवलेलं असतं की लांबचं फिकं आणि निळं होतं. हवा स्वच्छ असेल तर ते खरं, हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. पण मे महिन्यात आपल्या पठारावर हवेत धूळ असते, धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून लांबचे डोंगर निळे न होता मातकट-राखाडी आणि कडेला किंचित गुलाबी दिसतात, आकाश क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरं असतं आणि भर दुपारी सावल्या पायाखाली गोळा झालेल्या असतात. तिथे अल्ट्रामरिन निळ्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारलास की चित्र युरोपातलं झालं. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर उलट, हवा धुतलेली, वीस किलोमीटरवरची कडही धारदार दिसते, तेव्हा लांबचं फिकं करायची घाई केलीस तर खोटं पडतं. जुलैत धुकं उतरलं की पन्नास फुटांवरचं झाड नुसता एक टोन होतं. म्हणजे एकाच जागेवर वर्षात तीन वेगळी अंतरं आहेत. हे तू स्वतःच्या डोळ्याने नोंदवलंस तर तुझं चित्र तिथलंच आणि त्या महिन्याचंच होईल, आणि हे जलरंगात जितकं नेमकं येतं तितकं बाकी कशात येत नाही.

म्हणून जलरंग सोडायचा का याचं उत्तर, नाही. फक्त त्याच्या गोड खोड्यांपासनं जरा दूर राहा. ओल्या कागदावर रंग पसरला की आपोआप सुंदर दिसतं, दगडी भिंतीवर ड्राय ब्रश ओढला की टाळ्या मिळतात, आणि मग आपण जागा शोधतो ती या दोन युक्त्या जिथे चालतील अशी. पत्र्याची शेड, काँक्रीटचा पिलर, निळी ताडपत्री, यावर या युक्त्या चालत नाहीत, तिथे तुला नवीन काहीतरी शोधावं लागेल. ताडपत्रीचा निळा हा माझ्या मते आजच्या महाराष्ट्रातल्या जमिनीचा सगळ्यात खरा रंग आहे, जूनपासनं प्रत्येक घरावर, प्रत्येक ट्रॉलीवर, गंजीवर तो असतो, आणि आपल्या लँडस्केपमध्ये तो औषधालाही सापडत नाही. मोठं करायचं असेल तर चार-सहा कागद जोडून कर. वायरी आणि चक्कीची पाती अशा बारीक फिकट गोष्टींसाठी गॉश घे, पारदर्शकतेचं सोवळं पाळायची गरज नाही.

एक प्रयोग मात्र नक्की कर, त्या जागेची माती वापर. वाळवून खलात कुटायची, पाण्यात कालवायची, जाड वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते दोन दिवस हलवायचं नाही, तळाला जो मऊ गाळ बसतो तो वाळवून ठेवायचा. बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, चांगला विरघळला की गाळून त्यात थोडा मध आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंग तेलाचा थेंब, आणि मग काचेवर गाळाबरोबर घोटत बसायचं, जितकं घोटशील तितकं चांगलं. जांभ्याची लाल माती सुंदर लागते, तिच्यातलं लोह उन्हाने उडत नाही, गोव्या-कोकणातल्या जुन्या देवळांवरचं कावी काम याच लालवर उभं आहे. आपली देशावरची काळी माती त्रास देते, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, शेतात होतं तेच कागदावर होतं, म्हणून तिचा थर अगदी पातळ ठेवायचा. मी एकदा मुद्दाम जाड लावला, दुष्काळी भागातल्या शेताचं चित्र होतं, आणि त्या भेगा तशाच राहू दिल्या. थोडे तुकडे पडले, पण ते चित्र मी विकलं नाही.

फोटोवरनं काम चालतं का, तर चालतं, पण फोटो काय करतो हे माहीत पाहिजे. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे पुढचा रस्ता अवाढव्य आणि मागचा डोंगर बारका होतो, डोळ्याला जो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटला तो फोटोत टेकाड दिसतो, म्हणून दोन-तीन पट झूमवर वेगळे फोटो घेऊन ठेव. शिवाय फोन आपणहून सावल्या उजळवतो आणि आकाश गडद करतो, म्हणजे टोनचं नातंच बदलून टाकतो. म्हणून जागेवर पेन्सिलीने पोस्टकार्डएवढं स्केच, त्यावर एक ते पाच आकड्यांत टोन लिहायचे, रंगाच्या दोन ओळी टिपायच्या, आणि फोटो फक्त तपशिलासाठी. गेऱ्हार्ड रिश्टरसारखा जर्मन चित्रकार साठच्या दशकापासनं फोटोवरनं रंगवायचा आणि तो फोटो आहे हे लपवायचा नाही, कडा पुसट करून ठेवायचा, फोटोतनं जग बघणं हाच त्याचा विषय होता. आपण फोटो वापरून जागेवर बसल्याचा आव आणतो, अडचण तिथे आहे.

राहता राहिलं साहित्य. शोला पाठवायचं काम आहे तर ट्यूबवरचा पिगमेंट नंबर वाचायची सवय लाव, नाव वाचून घेऊ नकोस. पीआर ८३ म्हणजे खरा अलिझरिन क्रिमसन, तो उजेडात उडतो, माझी एका भिंतीवरची संध्याकाळ दहा वर्षांत दुपार झाली. सॅप ग्रीन प्रत्येक कंपनीचा वेगळ्या मिश्रणाचा असतो. कागद ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन, आणि पावसाळ्यात उघडा ठेवू नकोस, दमट हवेत कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, बिघडतं, मग वॉश टिपकागदासारखा शोषला जातो आणि दोष आपण हाताला देतो.

चाळकेवाडीला जाणार असशील तर बोर्डला चारही कोपऱ्यांना क्लिपा लाव आणि पिशवीत दगड भरून ती स्टँडला बांध, तिथला वारा कागद नेतोच, आणि वॉश इतका भराभर वाळतो की मोठं आकाश दोन तुकड्यांत मारायची तयारी ठेवावी लागते. सकाळी नऊच्या आधी पोच, पात्यांची सावली तेव्हा पठारावर लांब पडते आणि गवतावरनं फिरत जाते, ती कशी काढायची हे मला अजून सुटलेलं नाही. पहिली चार चित्रं झाली की पाठव, आणि सोबत ती न घेतलेल्या गोष्टींची यादीही पाठव.